बर्फाखालची दहा मिनिटं

पुरलेली होती ती एक जुनी सॅक. तिच्यात चालू करून ठेवलेलं बीकन (गाडलेल्या माणसाचा माग देणारं छोटं रेडिओ यंत्र), दोन स्वेटर आणि फुगवटा यावा म्हणून कोंबलेली चटई. आत माणूस नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही प्रशिक्षकांनी "शुरू!" म्हणत घड्याळ दाबलं आणि माझी बोटं थरथरायला लागली. थंडीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

जागा गुलमर्ग, महिना फेब्रुवारी. समोर अफरवत डोंगराचा पांढरा उतार. त्याच्या पायथ्याशी थोडा बर्फ तुडवून, त्याची ढेकळं करून एक खोटं हिमस्खलन तयार केलेलं होतं. मी बीकन 'सर्च'वर टाकलं. पडद्यावर बाण उमटला, शेजारी मीटरमधला आकडा आला, ३८. मी बाणामागे धावत सुटले. आकडा ३१ झाला, २४ झाला, मग पुन्हा ३०. मी उलटी फिरले, चुकले, परत आले. शेवटी प्रोब, म्हणजे ती लांब घडीची सळई, सॅकला लागला. मग मी फावडं घेतलं आणि प्रोब रोवला होता तिथेच सरळ खाली खणायला लागले. खड्डा विहिरीसारखा अरुंद होत गेला. उपसलेला बर्फ कडेवरून घसरून परत आत पडत होता. सॅकचा पट्टा हाताला लागला तेव्हा प्रशिक्षकांनी घड्याळ माझ्यासमोर धरलं.

"सत्रह मिनट, मॅडम."

एवढंच. पुढे ते काही बोलले नाहीत. त्या सतरा मिनिटांचा अर्थ संध्याकाळच्या वर्गात कळला, आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

१९९४ साली 'नेचर' या नियतकालिकात एक आलेख छापून आला. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनाखाली पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसांच्या नोंदी तपासून डॉक्टरांनी तो काढला होता. आडव्या अक्षावर गाडलं गेल्यापासूनची मिनिटं, उभ्या अक्षावर जिवंत सापडण्याची शक्यता. पहिली पंधरा मिनिटं रेषा वरच राहते, ९२ टक्क्यांवर. मग कड्यावरून दगड पडावा तशी कोसळते. पस्तिसाव्या मिनिटाला उरतात फक्त ३० टक्के. पुढची तीस वर्षं जगभरच्या प्रशिक्षण वर्गांत 'पंधरा मिनिटं' हा आकडा शिकवला गेला. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या १९८१ ते २०२० या चाळीस वर्षांच्या नोंदींवरून तोच आलेख पुन्हा काढला गेला, तेव्हा ती सुरुवातीची सपाट वाट आणखी आखूड निघाली. आता आकडा आहे दहा. दहा मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्या शंभर माणसांपैकी नव्वदहून जास्त वाचतात. त्यानंतरचं प्रत्येक मिनिट महाग पडतं.

माझ्या सॅकला सतरा लागली होती.

हा दहाचा आकडा कळला की एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते. गुलमर्गचं गस्ती पथक कितीही तत्पर असो, पोलीस असोत, लष्कराचे जवान असोत, त्यांना निरोप पोहोचून ते घटनास्थळी येईपर्यंत दहा मिनिटं उलटलेली असणार. बर्फाखालच्या माणसाला वाचवू शकतात ती त्याच्यासोबत आलेली आणि त्या क्षणी वर उभी असलेली दोन-चार माणसंच. हिमस्खलनाचं शिक्षण घेताना आपण स्वतःचा जीव वाचवायला शिकतो असं मला जाण्यापूर्वी वाटत होतं. प्रत्यक्षात त्यातलं जवळजवळ प्रत्येक कौशल्य दुसऱ्यासाठी असतं. माझा प्रोब, माझं फावडं माझ्या काहीच कामाचं नाही. मी गाडले गेले तर कामाला येणार ते सोबत्याच्या पाठीवरचं फावडं, आणि ते चालवण्याची त्याने केलेली तालीम.

हिमस्खलनात माणूस गारठून मरतो असा आपला समज असतो. पण गाडल्या गेलेल्यांपैकी बहुतेकांचा जीव गुदमरून जातो. काही जण घसरताना झाडांवर, खडकांवर आपटून मरतात. थंडीने मरण्याइतका वेळ फार थोड्यांना मिळतो. बर्फात हवा भरपूर असते, मग माणूस गुदमरतो कसा, हा प्रश्न मीही विचारला होता. बाहेर सोडलेला श्वास जायला जागा नसते. तो तोंडाभोवतीच साचतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. श्वासातली ऊब समोरचा बर्फ किंचित वितळवते, तो लगेच पुन्हा गोठतो आणि चेहऱ्याभोवती काचेसारखा मुखवटा तयार होतो. त्यातून हवा आत येत नाही. शिवाय खाली येताना घासला गेलेला बर्फ थांबताक्षणी घट्ट बसतो, त्याचे कण एकमेकांना सांधले जातात. त्यात अडकलेल्या माणसाला करंगळीही हलवता येत नाही. आरडाओरडा केला तरी वर उभ्या असलेल्याला तो सहसा ऐकू येत नाही.

कुणी म्हणेल, सियाचिनमध्ये सहा दिवसांनी जवान जिवंत सापडला होता की. हो. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवर बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. त्यांतले लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत बाहेर काढले गेले. साऱ्या देशाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत ते गेले. त्या दहांत आपल्या सातारा जिल्ह्याचाही एक जवान होता. निवाऱ्यासोबत गाडलं गेल्यावर हवेची पोकळी मिळण्याची शक्यता असते. उघड्या उतारावर स्की करणाऱ्याला तशी पोकळी क्वचितच मिळते. त्या एका घटनेवर आशा ठेवून कुणी फावडं घरी ठेवू नये.

आता कोसळतं ते नेमकं काय, याकडे वळू. इथे आपली भाषा जरा अडखळते. फ्रीजमधला तोही बर्फ आणि आभाळातून भुरभुरतो तोही बर्फच. काश्मिरी माणूस पडणाऱ्या बर्फाला 'शीन' म्हणतो. डिसेंबरच्या २१ तारखेपासूनच्या चाळीस कडाक्याच्या दिवसांना 'चिल्ला-ए-कलान' असं वेगळं नाव देतो. ज्याच्या दारात जे असतं, त्याच्या भाषेत त्याच्यासाठी शब्द असतात. आपल्याकडे पावसाला आणि दरडीला आहेत.

दर खेपेला पडणारा बर्फ आधीच्या थरावर नवा थर म्हणून बसतो. प्रत्येक थराचा स्वभाव निराळा. लांबलेल्या निरभ्र, गारठ्याच्या काळात वरचा बर्फ फार थंड होतो आणि जमिनीलगतचा तुलनेने उबदार राहतो. तापमानाच्या त्या फरकामुळे आतली वाफ वर सरकते आणि कणांना पैलू पडतात. ते साखरेसारखे सुटे, कोरडे होतात, एकमेकांना धरून राहत नाहीत. अशा थरावर वादळात दोन-तीन फूट नवा बर्फ पडला, वाऱ्याने तो दाबून घट्ट केला, की सापळा तयार झाला. पाटावर साबुदाणा पसरावा, त्यावर काच ठेवावी आणि पाट एका बाजूने उचलावा. काच अख्खीच्या अख्खी सुटते. डोंगरावर सुटते ती बर्फाची फळी, कधी पाच-पन्नास मीटर रुंद, कधी त्याहून किती तरी मोठी. स्की करणारा बहुतेक वेळा तिच्या मध्यावर असतो, कारण भेग त्याच्या वरच्या बाजूला पडते.

भेग पाडतं कोण? जीव घेणाऱ्या अशा अपघातांपैकी सुमारे ९० टक्क्यांमध्ये हिमस्खलन सुरू होतं ते गाडल्या गेलेल्या माणसाच्या किंवा त्याच्याच गटातल्या कुणाच्या तरी वजनाने. हा आकडा ऐकून वर्गात सगळे गप्प झाले होते. मला मात्र त्यात दिलासा दिसला, आजही दिसतो. दरड आपल्या अंगावर येते, ही लाट बहुतांशी आपण स्वतः सोडतो. जे आपण सोडतो ते न सोडणंही आपल्या हातात असतं.

त्यासाठी पहिलं हत्यार म्हणजे कोन. बर्फाच्या फळ्या बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतात आणि ३८ अंशांच्या आसपास सर्वाधिक. त्याहून सौम्य उतारावर त्या सहसा हलत नाहीत. फार खड्या उतारावर बर्फ साठण्याआधीच थोडा थोडा गळत राहतो. आपल्या इमारतीतला नेहमीचा जिना तिशीच्या जरा पुढे-मागे असतो आणि जुन्या वाड्यातला लाकडी जिना आणखी खडा. आणि स्की करायला सगळ्यात मजा येते नेमक्या त्याच उतारांवर धोका सगळ्यात जास्त. मोबाइलमध्ये कोन मोजायची सोय असते. स्कीची काठी बर्फावर आडवी ठेवून त्यावर फोन ठेवला की दोन सेकंदांत आकडा मिळतो. पण आपण उभे आहोत तो उतार सौम्य असणं पुरेसं नाही, आपल्या डोक्यावर काय आहे तेही पाहावं लागतं. सपाटीवर उभ्या माणसाला वरच्या उतारावरून आलेली लाट गाडू शकते.

दुसऱ्या दिवशी आम्ही बर्फात खड्डा खणला. त्याची एक भिंत सरळ तासून त्यातून ३० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल असा खांब मोकळा केला. खांबाच्या डोक्यावर फावड्याचं पातं पालथं ठेवायचं आणि त्यावर हाताने थापा मारायच्या. पहिल्या दहा फक्त मनगटातून, पुढच्या दहा कोपरातून, शेवटच्या दहा खांद्यातून. आमच्या खांबाने मनगटाच्या दहा थापा सोसल्या. कोपराची तिसरी थाप पडली आणि वरचा दीड फूट बर्फ सुरीने कापल्यासारखा सुटून माझ्या मांडीवर आला. कापलेली जागा इतकी गुळगुळीत होती की तिच्यावरून बोट फिरवताना अंगावर काटा आला. त्या पृष्ठभागावर भिंगातून पाहिलं तर साखरेचे दाणे चमकत होते. उतारावर वरून बघताना त्यांचा मागमूसही नव्हता, वर होता फक्त सुंदर, मऊ, कोरा बर्फ.

एका खड्ड्यावरून अख्ख्या डोंगराचा निकाल लावता येत नाही, हेही लगेच सांगितलं गेलं. पन्नास मीटरवर वेगळाच थर निघू शकतो. म्हणून डोंगर स्वतःहून ज्या खुणा देतो त्यांचं मोल खड्ड्याहून जास्त. शेजारच्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसणं. पायाखाली बर्फ बसल्याचा 'धप्प' असा दबका आवाज. स्कीच्या टोकापासून पळत जाणारी भेग. गेल्या एक-दोन दिवसांतली जोरदार हिमवृष्टी. वाऱ्याने एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचणं. अचानक चढलेलं तापमान. यांतली एक जरी खूण दिसली तरी बेत बदलायचा. आणि नेमका वादळानंतरचा पहिला निळा, लख्ख दिवस सगळ्यात फसवा, कारण त्या दिवशी सगळ्यांनाच वर जायचं असतं.

आता त्या बीकनकडे परत जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्फात जाणारे लोक कमरेला लांब लाल दोरी बांधून ती मागे सोडत. माणूस गाडला गेला तरी दोरीचा एखादा तुकडा वर राहील एवढीच आशा. १९६८ मध्ये अमेरिकेत बफेलो इथल्या कॉर्नेल एअरोनॉटिकल लॅबोरेटरीत जॉन लॉटन यांनी गाडलेल्या माणसाचा माग काढणारं छोटं रेडिओ यंत्र तयार केलं. 'स्काडी' हे त्याचं नाव, नॉर्स पुराणातल्या हिवाळ्याच्या आणि स्कीच्या देवतेवरून. आज जगभरची सगळी बीकन ४५७ किलोहर्ट्झ या एकाच कंप्रतेवर बोलतात, म्हणून पोलंडच्या माणसाचं बीकन नाशिकच्या माणसाला सापडतं. प्रवासभर ते 'सेंड'वर असतं आणि साधारण सेकंदाला एक ठोका सोडत राहतं. कुणी गाडलं गेलं की उरलेल्यांनी ताबडतोब 'सर्च'वर जायचं.

मी पहिल्या दिवशी का भटकले होते तेही कळलं. शाळेत कागदाखाली लोहचुंबक धरून वर लोहकीस टाकल्यावर ज्या वक्र रेषा उमटत, तशाच रेषा बीकनभोवती असतात. बाण त्या वक्र रेषेने नेतो, सरळ नाही. पडद्यावरचा आकडा त्या वाटेचा असतो. धावत सुटलं की यंत्राला पुढचा ठोका ऐकायला अवकाश मिळत नाही. तीन मीटरच्या आत आलं की वेग गोगलगाईचा करायचा, बीकन बर्फालगत आणायचं, दिशा न फिरवता पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवायचं आणि सगळ्यात लहान आकड्याच्या जागी थांबायचं. तिथून प्रोब. तो बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात खुपसायचा आणि मध्यापासून बाहेर गोल गोल जात, पंचवीस-पंचवीस सेंटिमीटर अंतरावर. माणसाला टेकलेला प्रोब हाताला वेगळा लागतो. जमिनीवर तो खटकन थांबतो, माणसावर थोडा दबतो. लागला की तिथेच सोडायचा, काढायचा नाही. आता तो खणणाऱ्याचा दीपस्तंभ.

आणि मग फावडं. हौशी माणसं हजारो रुपयांचं बीकन घेतात आणि प्लास्टिकचं हलकं फावडं उचलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम खणण्याचं आहे. थांबलेल्या हिमस्खलनाचा बर्फ घनमीटरला चारशे किलोच्या आसपास भरतो. एक मीटर खोल गाडलेल्या माणसापर्यंत पोहोचायला सुमारे एक टन बर्फ हलवावा लागतो. प्लास्टिकचं पातं त्या बर्फावर वाकतं, धातूचंच हवं. आणि खणायचं ते प्रोबच्या डोक्यावर उभं राहून नाही. प्रोबवर खोली वाचायची, तिच्या दीडपट अंतरावर उताराच्या खालच्या बाजूला उभं राहायचं आणि तिथून आडवं आत शिरायचं. जास्त माणसं असतील तर एकामागे एक अशी रांग लावायची, पुढून रुंद होत जाणाऱ्या पाचरीच्या आकारात. सगळ्यात पुढचा बर्फ तोडतो, मागचे तो वल्ह्यासारखा मागे ढकलत राहतात. पुढच्याचे हात मिनिटाभरात भरून येतात, म्हणून ठरावीक वेळाने सगळ्यांनी जागा बदलायच्या. आपल्याकडे विहिरीचा गाळ उपसताना माणसं घमेली हातोहात पुढे देतात, तीच लय.

दुसऱ्या दिवशीच्या तालमीत आमच्या हातात लय होती, पण बीकन वेडं झालं होतं. बाण एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आम्ही दोन मिनिटं तशीच घालवली. मग नाशिकचा एक मुलगा पांढरा पडला आणि म्हणाला, "ताई, माझंच 'सेंड'वर राहिलंय." आम्ही त्यालाच शोधत होतो. त्याने बटण फिरवलं आणि सगळ्यांचे बाण एका जागी वळले. प्रशिक्षक रागावले नाहीत. त्यांनी फक्त पुढच्या वेळी एकाने मोठ्याने ओरडून सांगायचं ठरवून दिलं, 'सगळे सर्चवर!', आणि प्रत्येकाने आपलं यंत्र त्याला दाखवायचं. खऱ्या अपघातात ही चूक घाबरलेल्या कुणाच्याही हातून होऊ शकते. त्याच दिवशी आणखी एक सवय लागली. मोबाइल बीकनपासून दूर ठेवायचा, शोधताना निदान हातभर, कारण तो यंत्राच्या कानात गोंगाट घालतो.

माणूस सापडला की आधी चेहरा मोकळा करायचा. पाय निघायचे आहेत, हात निघायचे आहेत, ते नंतर. तोंडातला, नाकातला बर्फ काढायचा आणि श्वास आहे का ते बघायचं. नसेल तर छाती दाबण्यासोबत तोंडाने श्वासही द्यायचाच, कारण इथे बहुधा हवेअभावी काळीज थांबलेलं असतं. हे सगळं आम्ही पुतळ्यावर केलं, गुडघे बर्फात रुतवून. हातमोजे काढल्यावर दोन मिनिटांत बोटं सुन्न होतात, त्याचीही तालीम झाली.

पाठीवर फुगणारी एअरबॅगही असते. हलवलेल्या डब्यात मोठे शेंगदाणे वर येतात तसा तिच्यामुळे आकाराने मोठा झालेला माणूस वाहत्या बर्फात वर राहतो. २०१४ च्या एका अभ्यासात ती फुगवलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलेलं दिसलं. निम्मं झालं, शून्य झालं नाही. झाडांत किंवा कड्यावरून वाहून गेलेल्याला ती वाचवू शकत नाही. कुत्रे आहेत, कपड्यांत शिवलेल्या पट्टीवरून माग काढणारी यंत्रं आहेत, पण ती पथकासोबत येतात, म्हणजे उशिरा येतात.

बीकनपासून एअरबॅगपर्यंतचं हे सगळं हिमस्खलन झाल्यानंतरचं. ते होऊ न देण्याची विद्या जास्त कठीण, आणि तिचा मोठा भाग माणसाच्या मनाशी निगडित आहे. इयान मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकाने तिथल्या ७१५ अपघातांच्या नोंदी तपासल्या आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. धोक्याच्या खुणा बहुतेक ठिकाणी समोर होत्या. माणसं त्या दिसत असूनही पुढे गेली होती. ओळखीच्या उतारावर तर उत्तम प्रशिक्षण घेतलेल्यांनी जवळपास अप्रशिक्षितांइतकाच धोका पत्करला होता. कारणं वाचताना मला आपल्याकडच्या ट्रेकमधली वाक्यं ऐकू यायला लागली. 'गेल्या वर्षी इथूनच गेलो होतो.' 'एवढ्या लांब आलो, आता काय परत फिरायचं?' 'लीडर आहे ना, त्याला कळतं.' 'पुढचा गट गेला की!' मुंबई-पुण्याहून गुलमर्गला जाणाऱ्याकडे सात दिवसांची रजा आणि आधीच काढलेलं विमानाचं तिकीट असतं. सहाव्या दिवशी आभाळ उघडलं तर त्याला खाली कोण थांबवणार?

गुलमर्गमध्ये हा मोह अक्षरशः तारेवरून वर नेतो. २००५ पासून गोंडोला रोपवेचा दुसरा टप्पा स्की करणाऱ्यांना अफरवतच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर, सोडतो. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंची, आणि तीही एक पाऊल न चालता. गस्ती पथक ठरावीक पट्टा स्फोटकं वापरून सुरक्षित करतं. त्या पट्ट्याच्या बाहेर कोरे उतार दोन्ही बाजूंना पसरलेले असतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतवर हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन जण गेले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी पुन्हा एक, त्यात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. त्याआधी ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गमध्ये उंचावरच्या युद्धाचं प्रशिक्षण घेणारे लष्कराचे सतरा जवान गेले होते. आणि ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधल्या द्रौपदी का डांडा शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन आलं. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी मिळून सत्तावीस मृतदेह सापडले, दोघांचा पत्ता लागला नाही. ही माणसं शिकायलाच आणि शिकवायलाच तिथे गेली होती. त्यांची आठवण ठेवून हे लिहिते आहे.

धोक्याचा इशारा वाचणं हाही अभ्यासाचाच भाग. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसजवळच्या वाइसफ्लुयोख इथे १९३६ पासून बर्फाचा अभ्यास चालतो. युरोपने १९९३ मध्ये पाच पायऱ्यांची धोकापट्टी स्वीकारली. आपल्याकडे १९६९ मध्ये मनालीला सुरू झालेली 'सासे' ही संस्था २०२० मध्ये चंदीगडच्या 'डीजीआरई' या संस्थेत विलीन झाली, आणि हिवाळ्यात हिमालयातल्या जिल्ह्यांसाठी आता डीजीआरई इशारे देते. पाचांतली तिसरी पायरी ऐकली की आपण म्हणतो, मध्यम आहे, चालेल. पण पायऱ्या जिन्यासारख्या सारख्या उंचीच्या नसतात, प्रत्येक पायरीला धोका झपाट्याने वाढतो. स्वित्झर्लंडमधले जवळपास निम्मे मृत्यू याच तिसऱ्या पायरीच्या दिवशी होतात. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घाबरून घरी बसतात, तिसरीला निघतात.

कुणी सहलीचं नियोजन करत असेल तर हॉटेल आणि स्कीच्या भाड्याच्या आधी तीन प्रश्न विचारा. प्रत्येकाला बीकन, प्रोब आणि धातूचं फावडं मिळणार का? वर जाण्याआधी अर्धा दिवस तरी तालीम होणार का? आणि वाटाड्या 'आज नको' म्हणाला तर पैशांचं काय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी ठरलेलं असलं की वाटाड्याला खरं बोलायला मोकळीक मिळते. पुढे शिकायचं असेल तर उत्तरकाशी, मनाली, पहलगाम, दार्जिलिंग आणि खुद्द गुलमर्ग इथल्या संस्था आहेत. दर हिवाळ्यात गुलमर्गमध्ये तीन दिवसांचे हिमस्खलनाचे वर्गही होतात. शिकून झाल्यावर दर मोसमाच्या सुरुवातीला उजळणी हवी. यंत्र सॅकमध्ये राहतं, हाताची सवय राहत नाही.

तिसऱ्या सकाळी शेवटची तालीम झाली. सात मिनिटं चाळीस सेकंद, चौघांच्या हातांनी. मग खऱ्या उतारावर जायचं होतं. रात्रभर वारा वाहिला होता, इशारा तिसऱ्या पायरीचा होता. प्रशिक्षकांनी नियम सांगितला, एक जण जरी नको म्हणाला तरी बेत रद्द, आणि कारण विचारायचं नाही. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातली सगळ्यात लहान, एकोणीस वर्षांची मुलगी म्हणाली, "मला नको वाटतंय." कुणी कारण विचारलं नाही. आम्ही खालच्या झाडांमधल्या पंचवीस अंशांच्या उतारावर दिवसभर स्की केली.

वरचा उतार संध्याकाळपर्यंत तसाच होता, अखंड, उन्हात चमकणारा. तो कोसळला नाही. आम्ही गेलो असतो तर कोसळला असता का, हे कधीच कळणार नाही. सकाळी निघण्यापूर्वी प्रशिक्षक फाटकाशी बीकन घेऊन उभे होते. आम्ही एकेक करून त्यांच्यासमोरून गेलो आणि प्रत्येकाच्या जॅकेटखालून आलेला ठोका त्यांनी ऐकून घेतला. मग आपल्याच खिशाची चेन उघडून त्यांनी त्यांचं स्वतःचं बीकन नाशिकच्या मुलाला तपासायला लावलं.